कोणत्या पानावर खाली ठेवलंत? (कथा-कादंबऱ्या, सर्व प्रकार चालतील)

अर्ध्यावरची (धागाकर्ती)

गेली दहा-बारा वर्षं मी फक्त रहस्यकथा वाचल्या. खून, संशयित, उलगडा, पुढचं पुस्तक. यंदा ठरवलं की जरा बाहेर पडायचं: विज्ञानकथा, भयकथा, ऐतिहासिक, कौटुंबिक, जे मिळेल ते. कुठून सुरुवात करावी म्हणून परीक्षणं वाचायला घेतली आणि तिथंच अडकले. शंभरातल्या नव्वद परीक्षणांत तीच वाक्यं. "अप्रतिम." "एका बैठकीत संपवलं." "हातातून खाली ठेववत नाही."

अहो, खाली तर सगळेच ठेवतात. झोप येते, फोन वाजतो, दारावरची बेल वाजते. प्रश्न असा की कोणत्या पानावर ठेवलं, का ठेवलं आणि परत उचललं का. मी एका वहीत तेवढंच लिहायला लागले. सध्या वाचत असलेल्या (किंवा नसलेल्या) एका जाडजूड कौटुंबिक कादंबरीच्या नोंदी नमुन्यादाखल:

पान २३ – पाचवं पात्र आलं. आधीच्या चौघांतली दोन नावं विसरले. मागे गेले.
पान ५८ – थोरल्या बहिणीचं पत्र. दोनदा वाचलं. मग दिवा घालवूनही झोप नाही.
पान ११२ – जेवणाच्या टेबलावरचं बोलणं संपतच नाही. पुस्तक उशीखाली. तीन आठवडे तिथंच.

या तीन ओळींतून मला त्या पुस्तकाबद्दल जे कळतं ते साडेचार ताऱ्यांतून कळत नाही. तर मंडळी, तारे नकोत, "मस्ट रीड" नको. तुम्ही कुठं थांबलात ते सांगा. नावं दिली नाहीत तरी चालेल.

---

चौकस_चष्मा

रहस्यकथेत पुस्तक खाली ठेवणं हा लेखकाचा सन्मान आहे! मी तर मुद्दाम ठेवतो. सगळ्या संशयितांना एका खोलीत जमवलं की पुस्तक मिटायचं आणि दिवसभर स्वतः डोकं खाजवायचं. उत्तर बरोबर आलं तर लेखकाने आपल्याशी सरळ खेळ केला, चुकलं तर मागे जाऊन बघायचं की धागा खरंच समोर होता का. होता आणि आपल्याला दिसला नाही, तर पुस्तक उत्तम. नव्हताच, तर फसवणूक.

हे काही माझं खूळ नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियमच लिहून ठेवले. तो स्वतःही रहस्यकथा लिहायचा. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला हवा, गुप्त वाट एकापेक्षा जास्त नको, जुळे भाऊ आधी पूर्वतयारी केल्याशिवाय आणायचे नाहीत, असे. एक तर फार गमतीचा आहे: गुप्तहेराच्या मित्राची बुद्धी सर्वसाधारण वाचकापेक्षा किंचित, अगदी किंचित कमी असावी. :)

माझं ताजं परीक्षण एका ओळीत: ३१० पानांचं पुस्तक, गुन्हेगार पहिल्यांदा येतो २९० व्या पानावर. मी २९१ ला ठेवलं. परत उचललं, पण चिमट्यात धरून.

---

भुताळी_बाभूळ

चष्मेराव, तुम्ही आत्ताच त्या पुस्तकातल्या २८९ पानांतली सगळी पात्रं निर्दोष सोडलीत. नाव दिलं नाहीत म्हणून वाचलात.

---

चौकस_चष्मा

अरे देवा. खरंच की. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे) करणार होतो, पण राहू दे. रहस्यकथेचं परीक्षण किती अवघड असतं याचा नमुना म्हणून ठेवतो. दोष सांगायचा म्हटला की शेवट फुटतो.

---

धूमकेतू७

शेवट फुटल्याने खरंच एवढं बिघडतं का? २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान डिएगो शाखेत लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. बारा लघुकथा घेतल्या, त्यात रहस्यकथाही होत्या. काहींना आधी शेवट सांगून वाचायला दिल्या, काहींना न सांगता. सरासरीने शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलटंही निघालं, त्यामुळे लगेच सगळ्यांना शेवट सांगत सुटू नका.

माझा अंदाज असा की शेवट कळला की वाचक "पुढे काय" सोडतो आणि "कसं" बघायला लागतो. काही पुस्तकं त्या नजरेत टिकतात, काही तिथंच कोसळतात.

---

चौकस_चष्मा

लघुकथा! विसाव्या मिनिटाला शेवट येणारच असतो. तीनशे पानांची गुंतवणूक केलेल्या माणसाला शेवट सांगून बघा, मग मोजा सरासरी.

---

भुताळी_बाभूळ

भयकथेचं गणित वेगळं. आमच्याकडे पुस्तक दोन कारणांनी खाली ठेवतात. एक, भीती वाटली म्हणून. दुसरं, भीती वाटेनाशी झाली म्हणून. परीक्षण लिहिणाऱ्याने यातलं कोणतं ते सांगितलं तरी पुरे.

तोदोरोव्ह नावाच्या समीक्षकाने १९७० च्या पुस्तकात यावर छान बोट ठेवलंय. त्याचं म्हणणं, अद्भुताचा खरा प्राण घुटमळण्यात असतो. जे घडतंय त्याला काही साधं कारण आहे की खरोखर पलीकडचं काही आहे, हे पात्राला आणि वाचकाला ठरवता येत नाही, तोवरच ती जादू. एका बाजूला कौल लागला की ती एक तर "भास होता" अशी गोष्ट होते, नाही तर सरळ भुताची.

मी आता भयकथा वाचताना हेच पान शोधते: घुटमळणं कुठं संपलं? मागच्या महिन्यातल्या एका पुस्तकात बंद खोलीतून रोज रात्री खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. सकाळी खुर्ची जागेवर. नायक जमिनीवर खडूने खुर्चीच्या चार पायांभोवती चार गोल काढतो. दुसऱ्या दिवशी खुर्ची गोलांतच. खडूचे गोल मात्र पाच. (पान ७४. मी पुस्तक ठेवलं आणि खोलीतला दिवा लावला.) इथपर्यंत सोनं. पान ९० ला लेखकाला राहवलं नाही. पिवळे डोळे, लांब नखं, किंकाळ्या. मी तिथंही ठेवलं, पण जांभई देत.

आणि एक दुखणं सांगते. एका भयकादंबरीच्या मलपृष्ठावर प्रकाशकाने चक्क लिहिलं होतं की घरातली म्हातारी फार पूर्वीच गेलेली आहे. पुस्तकात ते कळतं पान १८० ला! तेव्हापासून मी मलपृष्ठ वाचतच नाही. पुस्तकं पाठीवर निजवून ठेवते.

---

तळटीप

धागा वाचला. आमची जात निराळी. ऐतिहासिक कादंबरी वाचणारा माणूस पुस्तक खाली ठेवतो ते दुसरं पुस्तक काढायला. सनावळी तपासायला, नकाशा बघायला. माझ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या समासात पेन्सिलीची एवढी चिन्हं असतात की घरचे म्हणतात, ही कादंबरी आहे की उत्तरपत्रिका.

परवाचंच उदाहरण. सतराव्या शतकातला हेर धापा टाकत येतो आणि पहारेकऱ्याला म्हणतो, "दोन मिनिटं थांब." ठेवलं पुस्तक! त्या माणसाकडे मिनिट कुठून आलं? घटका आहे, पळ आहे. साठ पळांची एक घटका, म्हणजे आजची चोवीस मिनिटं. एक पळ चोवीस सेकंदांचं. लेखकाला त्या जगात राहायचंच नव्हतं, फक्त कपडे भाड्याने आणायचे होते.

पण चूक पकडणं म्हणजे परीक्षण नव्हे, हेही या वयात कळलंय. तपशील शंभर टक्के बरोबर आणि माणसं पुठ्ठ्याची, अशा कादंबऱ्याही ढिगाने वाचल्यात. त्यात मी कुठंच थांबत नाही. अडायला काही लागतच नाही. सरळ शेवटापर्यंत घसरगुंडी, आणि आठवड्याने नायकाचं नावही आठवत नाही. धागाकर्तीच्या वहीत अशा पुस्तकाची नोंद कशी करणार?

---

धूमकेतू७

दोन मिनिटं म्हणजे बरोबर पाच पळं होतात, काका. "पाच पळं थांब" म्हटलं असतं तर चाललं असतं का? हलके घ्या.

---

तळटीप

बिनचूक हिशेबानेही संशय आला असता. धापा टाकणारा माणूस मोजून बोलत नाही. "थांब जरा" पुरलं असतं.

---

निवांत

सगळ्यांचं वाचून थोडं विरोधी लिहितो, राग नसावा.

कुठं थांबलो हे सांगणं म्हणजे स्वतःबद्दल सांगणं झालं. पुस्तकाबद्दल त्यातून काय कळलं? अर्ध्यावरची ताईंनी पान ११२ ला पुस्तक उशीखाली टाकलं. कदाचित त्या दिवशी त्या दमल्या असतील. कदाचित जेवणाच्या टेबलावरचं ते न संपणारं बोलणं हाच त्या कादंबरीचा गाभा असेल. जॉन अपडाइक या अमेरिकन कादंबरीकाराने १९७५ मध्ये परीक्षणाचे काही नियम मांडले होते. त्यातला पहिलाच असा, की लेखकाला काय करायचं होतं ते आधी समजून घ्या आणि जे त्याने करायला घेतलंच नाही ते जमलं नाही म्हणून त्याला दोष देऊ नका. शिवाय पुस्तकातला एखादा तरी सलग उतारा द्या, म्हणजे वाचकाला स्वतःचं मत करता येईल.

आमच्या "साहित्यिक" म्हणवल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांत (हा शब्द मलाही आवडत नाही, बाकीच्या काय असाहित्यिक आहेत?) थांबायलाच सांगितलेलं असतं. एक वाक्य वाचायचं, खिडकीबाहेर बघायचं. अशा पुस्तकाला तुमची वही नापास करेल.

---

अर्ध्यावरची

निवांत, राग कसला. पण तारे तरी दुसरं काय सांगतात? तेही देणाऱ्याबद्दलच. फरक एवढाच की तारा थकवा लपवतो आणि माझी नोंद तो उघड करते. "झोप येत होती" असं मी लिहिलं तर वाचणारा ते वजा करून घेईल.

तळटीप काका, तुमच्या घसरगुंडीवर दिवसभर विचार केला. आता वहीत नवा रकाना काढलाय: "कुठंच थांबले नाही." आश्चर्य म्हणजे माझ्या जुन्या वाचलेल्यांतल्या निम्म्या रहस्यकथा तिथं जातील.

---

गुलाबी_शाई

प्रेमकथांबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी. आमच्याकडे शेवट फुटण्याचा प्रश्नच नाही. दोघं एकत्र येणार हे मुखपृष्ठावरूनच कळतं, न आले तर वाचक पुस्तक भिंतीवर मारतात. त्यामुळे परीक्षणात बघायचं एकच: दोघांमधली अडचण खरी आहे का? एका फोनने सुटेल असा गैरसमज दोनशे पानं ताणला असेल तर मी थांबते आणि मनातल्या मनात तो फोन लावते.

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), प्रेमकथा म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांसाठी: आपली पहिली कादंबरी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, विधवांच्या हालअपेष्टांवरची. त्यानंतर चारच वर्षांत, १८६१ ला, 'मुक्तामाला' आली, ती अद्भुतरम्य. म्हणजे सामाजिक आणि रंजक या दोन वाटा जवळपास एकदमच फुटल्यात. कोण थोरलं, कोण धाकटं हे भांडण चार वर्षांच्या अंतराचं आहे.

---

तळटीप

त्यात १८७१ चं 'मोचनगड' जोडा. गुंजीकरांची, मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी. चौदा वर्षांत तीन प्रकार.

---

नवखा_वाचक

मी इथं नवीन. साधा प्रश्न आहे, हसू नका. पुस्तक आवडत नसेल तर सोडायचं कधी? मला अर्धवट सोडलं की अपराधी वाटतं. सध्या सहा पुस्तकं अर्धी आहेत आणि सातवं सुरू करायची हिंमत होत नाही.

---

धूमकेतू७

हसत नाही, सगळ्यांचं हेच आहे. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल बाईंचा ठोकताळा फार कामाचा आहे: पन्नास पानं वाचा, नाही रमलात तर खुशाल सोडा. आणि तुमचं वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढीच पानं द्या. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक याने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्कच जाहीर केले. त्यात न वाचण्याचा, पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे.

---

तळटीप

माझ्या वाट्याला ३१ पानं येतात. प्रस्तावनेतच संपतात.

---

धूमकेतू७

काकांना +१. :)

आता माझ्या प्रांताकडे येतो, कारण पन्नास पानांचा नियम विज्ञानकथेत मोडतो. डार्को सुविन या अभ्यासकाने एक शब्द रूढ केला, 'नोव्हम'. कथेतली ती एक नवी गोष्ट, जिच्यामुळे ते जग आपल्या जगापासून वेगळं पडतं. नवा शोध, नवा ग्रह, काहीही. चांगला लेखक ती गोष्ट सांगत बसत नाही, पात्रं तिला गृहीत धरून जगत असतात. त्यामुळे पहिली चाळीस-पन्नास पानं वाचक आंधळी कोशिंबीर खेळतो. मी नेहमी तिथंच ठेवतो आणि नेहमी उचलतो. परीक्षणात मला एवढंच हवं असतं: डोळ्यांवरची पट्टी कोणत्या पानाला सुटते?

पानांचा क्रम किती फरक पाडतो याचं नामी उदाहरण 'द थ्री बॉडी प्रॉब्लेम' ही लिऊ सिशिन या चिनी लेखकाची विज्ञानकादंबरी. मूळ चिनी पुस्तक २००८ चं. त्यात माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीचे प्रसंग मधे कुठंतरी आहेत. केन लिऊने इंग्रजी अनुवाद करताना (२०१४) ते पहिल्या प्रकरणात आणले. लेखकालाही मुळात तोच क्रम हवा होता. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आता सांगा, चिनी वाचक आणि इंग्रजी वाचक एकाच पानावर थांबले असतील का? अनुवादाच्या परीक्षणात अनुवादकाचं नावसुद्धा न घेणाऱ्यांनी यावर विचार करावा.

---

चौकस_चष्मा

अवांतर: नाव न बघता परीक्षण करायचं असेल तर नारळीकरांचा किस्सा आठवा. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती "नारायण विनायक जगताप" या नावाने. ज. वि. ना. उलटं करून ना. वि. ज. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या मते प्रत्येक परीक्षण लिहिणाऱ्याने वर्षातून एकदा तरी पुस्तकाला कव्हर घालून, लेखक कोण हे न बघता वाचावं.

---

कानसेन

मी ऐकणारा. पानच नाही हो माझ्याकडे! दोन तास चौदा मिनिटांवर झोपलो, जागा झालो तेव्हा नायकाचं लग्न झालेलं. मागे गेलोच नाही, गोष्ट नीट लागली. हेही परीक्षणच धरा.

---

निवांत

कानसेन, तुमच्या तीन ओळी या धाग्यातलं सर्वात निर्दय परीक्षण आहे.

ताई, थोडी माघार घेतो. काल स्वतःवर प्रयोग केला. मला अतिशय प्रिय असलेली एक कादंबरी पुन्हा काढली. पेन्सिलीने खुणा केल्या. थांबलो तिथं नऊ खुणा झाल्या. त्यातल्या सात ठिकाणी वाक्य सुंदर होतं. दोन ठिकाणी मात्र वाक्य फक्त लांब होतं, आणि वीस वर्षं मी त्यालाच खोली समजत होतो. म्हणजे थांबण्याची जागा पुरत नाही, थांबून काय केलं ते लिहायला हवं. मागे गेलात? खिडकीबाहेर पाहिलंत? की फोन उचललात?

---

भुताळी_बाभूळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). "फोन उचलला" हा रकाना माझ्या वहीत सर्वात भरलेला निघेल अशी भीती आहे, आणि ही खरी भयकथा.

---

अर्ध्यावरची

मंडळी, अहवाल. निवांत यांच्या टोमण्यावरून (टोमणाच होता तो!) उशीखालचं पुस्तक काढलं. पान ११२ पासून पुन्हा. या वेळी जवळ वही ठेवली आणि थांबले की काय करते ते बघितलं.

आणि सापडलं. मी थांबत होते ते हिशेब लावायला! धाकटा भाऊ म्हणतो, "मी मंगळवारी नव्हतोच इथं." मी लगेच मागे जाऊन मंगळवार शोधते. काकू चमचा उचलते आणि परत ठेवते. मी समासात लिहिलंय: "चमचा??" थोरलीच्या पत्रातली तारीख खोडलेली आहे, तिच्यावर मी तब्बल तीन पानं उलटसुलट केली. चाळीस पानांचं ते जेवण मी जबानी घेतल्यासारखं वाचत होते. प्रत्येकाला काहीतरी लपवायचंय असं धरून. आणि पुरावा काही जमेना, म्हणून कंटाळले.

मग चमचा सोडून दिला आणि नुसतं ऐकलं. काकू बोलायला जाते, कुणी तिच्याकडे बघत नाही, ती गप्प बसते. चाळीस पानांत हे सहा वेळा होतं. सहाव्या वेळी मी पुस्तक ठेवलं (पान १४९) आणि खिडकीबाहेर पाहिलं. फोन शेजारीच होता.

काल रात्री संपलं. परीक्षण लिहितेय, उताऱ्यासकट. अपडाइक साहेबांना हरकत नसावी.

---

चौकस_चष्मा

ते सगळं ठीक. पण मंगळवारी तो होता कुठं? आणि तारीख कोणी खोडली?

---

अर्ध्यावरची

मंगळवारी तो खरंच नव्हता. तारीख तिनेच खोडली, चुकीची पडली होती म्हणून.

---

चौकस_चष्मा

आणि चमचा??

---

अर्ध्यावरची

चमचा चमचाच होता हो.